पार्श्वभूमी: भूगोल विभाग आणि किनाऱ्यालगतचा ऐंशी किलोमीटरचा पट्टा

भारतीय विद्यापीठांत भूगोल 1920च्या दशकात लाहोर आणि अलीगढला रुजला. पुणे विद्यापीठ 1949चे. 1970च्या दशकात रुजू होऊन एकविसाव्या शतकात निवृत्त झालेल्या प्राध्यापकांची कारकीर्द मुख्यतः टोपोशीटवर, म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशा-पत्रकांवर उभी राहिली.

1:50,000चे एक पत्रक 15 मिनिटे अक्षांश-रेखांशांचे, समोच्च रेषांतील (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांतील) उंचीचे अंतर बहुधा 20 मीटर. पुणे शहराचा मोठा भाग 47 एफ/14 या क्रमांकाच्या पत्रकावर येतो. पीएचडीचा विद्यार्थी निळे प्रवाह ट्रेसिंग पेपरवर उतरवी, प्रवाहश्रेणी लावी (उगमाकडचे, उपनदी नसलेले ओहोळ पहिल्या श्रेणीचे, ते मिळून पुढच्या), लांबी रोटामीटरने आणि खोऱ्याचे क्षेत्र प्लॅनिमीटरने मोजी. शेजारच्या दोन पत्रकांचे सर्वेक्षण वेगवेगळ्या वर्षांचे असले की पहिल्या श्रेणीचे ओहोळ कडेशी जुळत नसत आणि द्विभाजन गुणोत्तर (एका श्रेणीच्या प्रवाहांची संख्या भागिले पुढच्या श्रेणीची) फसे. लहान ओहोळ दाखवायचा की गाळायचा, हे शेवटी त्या त्या सर्वेक्षकाच्या हाती होते.

खरा वाद मात्र निर्बंधाचा. सीमा आणि समुद्रकिनारा यांपासून सुमारे 80 किमीच्या पट्ट्यातील पत्रके 'प्रतिबंधित' ठरली. म्हणजे जवळजवळ सारे कोकण. सावित्री किंवा वाशिष्ठीच्या खोऱ्यावर काम करायचे तर विभागप्रमुखाचे पत्र, परवानगी, कुलूपबंद कपाट आणि नोंदवही, छायाप्रतीला मनाई. पट्ट्याबाहेरच्या, पुणे जिल्ह्यातील कऱ्हा नदीच्या खोऱ्याला यातले काही लागत नसे. संरक्षणाचे कारण मान्य केले तरी त्याची किंमत विद्यार्थ्यांनी मोजली: संशोधनाचा प्रदेश अनेकदा प्रश्नावरून नव्हे, पत्रकाच्या उपलब्धतेवरून ठरला. 1972च्या लँडसॅट या अमेरिकी उपग्रहानंतर वरून सगळ्यांना दिसणारा किनारा कागदावर मात्र बंदच राहिला. 1988मध्ये भारताचा आयआरएस-1ए उपग्रह अवकाशात गेला, विभागांत दूरसंवेदन (उपग्रहचित्रांचा अभ्यास) व जीआयएसचे (संगणकीय नकाशा-प्रणालीचे) अभ्यासक्रम आले, तरी नियम हलला नाही.

2005च्या नकाशा धोरणाने संरक्षण दलांसाठीची संरक्षण मालिका आणि सर्वांसाठीची खुली मालिका वेगळ्या केल्या. 2017मध्ये खुली पत्रके मोफत उतरवता येऊ लागली, फेब्रुवारी 2021मध्ये भारतीय संस्थांसाठी नकाशे व भूस्थानिक माहितीच्या पूर्वपरवानगीची अट गेली.

खुली मालिका डब्ल्यूजीएस-84 (जीपीएस वापरते तो पृथ्वीच्या आकाराचा संदर्भ-आधार) आणि यूटीएम (नकाशा-प्रक्षेपण) यांवर आहे. जुनी पत्रके एव्हरेस्ट या जुन्या आधारावर आणि पॉलिकॉनिक प्रक्षेपणावर. जुने पत्रक स्कॅन करून त्याच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश थेट डब्ल्यूजीएस-84 म्हणून भरले, की पुण्याच्या आसपास नदी शंभर मीटरहून अधिक सरकते. कागदावर ते दोन-अडीच मिमी, पण पूररेषेसाठी घातक. म्हणून आधी एव्हरेस्टमध्ये जिओरेफरन्स करावे (स्कॅनला अक्षांश-रेखांश जोडावे), मग डब्ल्यूजीएस-84मध्ये रूपांतर, आणि शेवटी जुना पूल किंवा मंदिर घेऊन जीपीएसने पडताळणी.