हॅमिल्टन ते वॉर्सा : चार शेजाऱ्यांच्या क्रॉस कंट्री शर्यतीची पार्श्वभूमी

२८ मार्च १९०३, शनिवार. स्कॉटलंडमधल्या हॅमिल्टन पार्कच्या रेसकोर्सवर त्या दिवशी घोडे नव्हते, माणसं धावणार होती. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स असे चार संघ आणि साधारण आठ मैलांचं अंतर. पहिला आला इंग्लंडचा आल्फ्रेड श्रब, आणि सांघिक विजेतेपदही इंग्लंडनेच नेलं. आज जागतिक क्रॉस कंट्री (ट्रॅकवर नव्हे, मोकळ्या रानातून धावण्याची) स्पर्धा म्हणून जी ओळखली जाते, तिचं मूळ या शनिवारात आहे.

हे चार संघ म्हणजे चार शेजारी, पण चार स्वतंत्र राष्ट्रं नव्हेत. १९०३ मध्ये संपूर्ण आयर्लंडसह हे चारही देश एकाच राजाच्या, एकाच संसदेच्या अमलाखाली होते. तरीही फुटबॉलमध्ये १८८४ पासून आणि रग्बीत त्याच्याही एक वर्ष आधीपासून ते एकमेकांविरुद्ध दरवर्षी खेळत होते. वेल्सच्या किंवा स्कॉटलंडच्या माणसाला ‘आपला देश’ म्हणून जर्सी घालायची, तर ती खेळाच्या मैदानावरच मिळायची. ऑलिम्पिकमध्ये तेही नाही, तिथे सगळे ब्रिटनचे. ही शर्यत दरवर्षी भरली आणि सत्तर वर्षं टिकली, याचं मोठं कारण मला या जर्सीत दिसतं.

शर्यतीचा प्रकार मात्र हॅमिल्टनपेक्षा बराच जुना. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या निवासी शाळांत मुलं एक खेळ खेळत. दोघेतिघे ‘ससे’ व्हायचे आणि पिशवीतले कागदाचे कपटे टाकत पुढे पळायचे. बाकीची मुलं ‘शिकारी कुत्रे’ बनून त्या कपट्यांचा माग काढत शेतं, कुंपणं, ओढे ओलांडत मागे लागायची. शाळा संपली तरी ही आवड सुटली नाही. १८६८ मध्ये लंडनजवळ ‘टेम्स हेअर अँड हाउंड्स’ हा क्लब निघाला, त्याच्या नावातच ससा आणि कुत्रे आहेत. पुढच्या असंख्य क्लबांच्या नावांतला ‘हॅरियर्स’ हा शब्दही सशांच्या शिकारीवर सोडायच्या कुत्र्यांच्या जातीवरून आलेला.

इंग्लंडची पहिली राष्ट्रीय शर्यत १८७६ मध्ये एपिंगच्या जंगलात झाली आणि ती रद्द करावी लागली, कारण सगळेच धावपटू वाट चुकले. पुढच्या वर्षी ती नीट पार पडली आणि मग सुरूच राहिली.

खरा बदल घडला तो क्लब औद्योगिक शहरांत पोहोचल्यावर. बर्मिंगहॅममध्ये १८७७ ला बर्चफील्ड हॅरियर्स निघाला, १८८४ ला सॅल्फर्ड हॅरियर्स. ट्रॅक नको, महागडं साहित्य नको, शनिवारी दुपारी काम सुटलं की गावाबाहेर पडायचं आणि धावायचं. हॅमिल्टनला जिंकलेला श्रबही बांधकामावर मजुरी करणारा, ससेक्समधल्या खेड्यातला मुलगा. त्याच्याबद्दल अशी हकिगत सांगतात की एके रात्री दूरवर आग लागलेली दिसली, घोड्यांची अग्निशमन गाडी तिकडे निघाली, आणि हा कामाच्या जाडजूड बुटांनिशी तिच्या बरोबरीने तीनेक मैल धावत गेला. स्थानिक हॅरियर्स क्लबच्या कप्तानाच्या ते नजरेत भरलं आणि त्याने श्रबला क्लबात ओढलं. श्रबने १९०४ ची शर्यतही जिंकली. पण १९०५ मध्ये धावण्याचे पैसे घेतल्याच्या ठपक्यावरून त्याला हौशी खेळातून कायमचं बाद केलं गेलं. मजुराने पैसे घेतले म्हणून त्याला बाहेर काढायचं, हा त्या काळच्या हौशी नियमांतला अन्याय होता, असंच मला वाटतं.

या शर्यतीची गुणपद्धत समजून घेतल्याशिवाय तिची गोडी कळत नाही. प्रत्येक संघाचे पहिले सहा जण मोजायचे. पहिल्या क्रमांकाला एक गुण, दुसऱ्याला दोन, चाळिसाव्याला चाळीस. सहा जणांची बेरीज ज्या संघाची सर्वांत कमी, तो विजेता. म्हणजे एकवीस ही सर्वोत्तम बेरीज, त्याखाली जाणं शक्यच नाही. हॅमिल्टनला इंग्लंडची बेरीज होती पंचवीस. या हिशेबात पहिला येणारा फक्त एका गुणाचा धनी असतो. संघाचं नशीब बहुतेक वेळा पाचव्या-सहाव्या माणसाच्या हाती असतं. तो चाळिसावा आला की पंचेचाळिसावा, यावर अख्ख्या देशाचा क्रमांक फिरू शकतो. त्यामुळे मधल्या घोळक्यात, जिथे कॅमेरा कधी जात नाही, तिथे शेवटच्या शंभर पावलांत दोनतीन जणांना मागे टाकणाऱ्याची किंमत इथे विजेत्याइतकीच. वैयक्तिक खेळ म्हणवणाऱ्या ॲथलेटिक्समध्ये हा इतका निखळ सांघिक प्रकार दुसरा नाही.

पहिली काही वर्षं यजमानपद चौघांत फिरलं. १९०४ ला इंग्लंडमधलं हेडॉक पार्क, १९०५ ला डब्लिनजवळचं बाल्डॉइल, १९०६ ला वेल्समधलं न्यूपोर्टजवळचं केर्लिअन. बहुतेक ठिकाणं रेसकोर्सच. मोकळं गवत, चढउतार, बसायला स्टँड आणि तिकीट लावता येईल असं कुंपण, हे सगळं तिथे आयतंच मिळे.

समुद्रापलीकडचा पाचवा शेजारी तोवर वाट पाहत होता. इंग्लंड आणि फ्रान्स यांची गाठ त्याआधीच, मार्च १८९८ मध्ये, पॅरिसजवळच्या व्हील-द’आव्रे इथे पडली होती. आठ विरुद्ध आठ. पहिले आठही इंग्रज आले, आणि सहा-सहाची बेरीज झाली २१ विरुद्ध ६९. याहून मोठा पराभव त्या गणितात शक्यच नव्हता. तरी फ्रेंचांनी हा खेळ सोडला नाही. १९०७ मध्ये ग्लासगोला झालेल्या शर्यतीत फ्रान्सचा संघ पहिल्यांदा उतरला, आणि १९०८ मध्ये शर्यत प्रथमच इंग्लिश खाडी ओलांडून पॅरिसजवळच्या कोलोंबला गेली.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९११ मध्ये, केर्लिअनला पहिला आला फ्रान्समधल्या मार्सेचा झाँ बुवाँ. १९१२ ला एडिंबरामध्ये पुन्हा तोच, १९१३ ला पॅरिसजवळच्या जुव्हिसीला पुन्हा तोच. सलग तीन. त्याच काळात स्टॉकहोम ऑलिम्पिकच्या ५,००० मीटरमध्ये फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेनशी त्याची जी झुंज झाली, ती सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने निकालात निघाली आणि बुवाँ दुसरा आला. पुढच्या दोनच वर्षांत युद्ध पेटलं. २९ सप्टेंबर १९१४ रोजी बुवाँ आघाडीवर मारला गेला. वय पंचवीस.

१९१५ ते १९१९ शर्यत झाली नाही. १९२० मध्ये ती बेलफास्टला पुन्हा सुरू झाली, तेव्हा आयर्लंड स्वातंत्र्याच्या लढ्यात होरपळत होतं. आयर्लंडच्या फाळणीनंतर या स्पर्धेतही आयर्लंड आणि उत्तर आयर्लंड असे दोन वेगळे संघ आले. नकाशावरची रेघ इतकी थेट इथे उमटली.

सांघिक विजेतेपद मात्र तोवर एकदाही इंग्लंडबाहेर गेलं नव्हतं. युद्धाआधीच्या बारा आणि नंतरच्या दोन अशा सलग चौदा शर्यती इंग्लंडने जिंकल्या. पंधराव्या वेळी, १९२२ मध्ये ग्लासगोला, फ्रान्सने ती साखळी तोडली. त्या दिवशी पहिला आला जोझेफ गिलमो. हा तरुण युद्धात विषारी वायूने भाजला होता, फुप्फुसं अधू झाली होती, आणि तरीही १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये त्याने ५,००० मीटरला फिनलंडच्या नामांकित पाव्हो नुर्मीला हरवलं होतं. व्हील-द’आव्रेच्या एकवीस-एकोणसत्तरची परतफेड व्हायला चोवीस वर्षं लागली.

याच सुमारास एक गोष्ट अशी घडली की शेजाऱ्यांच्या या शर्यतीचं वजन अचानक वाढलं. क्रॉस कंट्री १९१२ पासून ऑलिम्पिकमध्ये होती. १९२४ ला पॅरिसमध्ये ती जुलैच्या भर उन्हात, चाळीस अंशांच्या वर पारा गेलेला असताना धावण्यात आली. ३८ जणांनी सुरुवात केली, १५ जण पोहोचले. नुर्मी शांतपणे जिंकला, पण बाकीचे वाटेत कोसळत होते, मैदानात येऊन दिशा चुकत होते. त्यानंतर क्रॉस कंट्री ऑलिम्पिकमधून गेली ती आजवर परतलेली नाही. हा हिवाळ्यातला, ओल्या मातीतला खेळ. त्याला भर उन्हाळ्यात ओढून नेला आणि दोष खेळाला दिला, याची मला अजूनही हळहळ वाटते. मात्र त्यामुळे दरवर्षीची ही शर्यत या खेळातली सर्वांत मोठी लढत होऊन बसली, आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं तशीच राहिली.

शेजारी वाढत गेले. विशीच्या दशकात बेल्जियम आला, १९२९ ला इटली, स्पेन, स्वित्झर्लंड आणि लक्झेंबर्ग. तिशीच्या दशकावर छाप राहिली इंग्लंडच्या जॅक होल्डनची : १९३३, ३४, ३५ आणि महायुद्धाच्या तोंडावर १९३९. युद्ध संपलं तेव्हा त्याची चाळिशी जवळ आली होती. १९५० मध्ये ऑकलंडच्या एम्पायर गेम्समध्ये (आजचे कॉमनवेल्थ गेम्स) त्याने मॅरेथॉन जिंकली ती शेवटचे अनेक मैल अनवाणी, कारण पावसात बूट भिजून फाटले होते. वाटेत एक दांडगा कुत्राही अंगावर आला. क्रॉस कंट्रीच्या चिखलात मुरलेल्या माणसाला ते जमून गेलं.

दुसऱ्या महायुद्धातल्या खंडानंतर शर्यत १९४६ मध्ये पुन्हा भरू लागली, आणि ‘शेजारी’ या शब्दाचा अर्थच बदलला. १९४९, १९५२, १९५४ आणि १९५६ असा चार वेळा जिंकलेला आलँ मिमूँ फ्रान्सकडून धावत होता, पण जन्मला होता अल्जीरियात. इटलीतल्या मोंते कासिनोच्या लढाईत त्याचा पाय इतका जखमी झाला होता की तो कापायची वेळ आली होती. ऑलिम्पिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झातोपेकच्या मागे तीनदा रौप्यपदक मिळवलेल्या याच माणसाने १९५६ च्या अखेरीस मेलबर्नला मॅरेथॉनचं सुवर्ण जिंकलं.

मिमूँनंतर उत्तर आफ्रिका स्वतःच्या झेंड्याखाली आली. १९६० मध्ये, जिथे सुरुवात झाली त्याच हॅमिल्टनला, मोरोक्कोचा ऱ्हादी बेन अब्देस्सलाम पहिला आला. त्याच वर्षी रोम ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये अनवाणी धावणाऱ्या इथिओपियाच्या अबेबे बिकिलाच्या मागोमाग जो पोहोचला, तोच हा. १९६६ ला शर्यत मोरोक्कोच्या रबातला झाली, १९६८ ला ट्युनिसला; दोन्हीकडे यजमान देशाचाच धावपटू जिंकला. ट्युनिसचा विजेता मोहम्मद गम्मूदी काही महिन्यांनी मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये ५,००० मीटरचं सुवर्ण घेऊन आला. आफ्रिकेने हा खेळ केनिया-इथिओपियाच्या रूपाने ऐंशीच्या दशकात जिंकला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. माघ्रेबचे, म्हणजे वायव्य आफ्रिकेतले, हे तिघे त्याच्या दोन दशकं आधी पुढे होते, हे सहसा सांगितलं जात नाही.

स्त्रियांची गोष्ट इथे तुटक तुटक आहे, कारण आयोजकांनी ती तशी ठेवली. १९३१ मध्ये फ्रान्समधल्या दुए इथे इंग्लंड, फ्रान्स आणि बेल्जियमच्या स्त्रिया धावल्या, पण मग मध्ये मोठी खिंडारं. अधिकृत शर्यत १९६७ मध्ये वेल्समधल्या बॅरीला सुरू झाली आणि जिंकली एका अमेरिकन शिक्षिकेने, डोरिस ब्राउनने. त्यानंतरच्या चार वर्षांतही तीच. सलग पाच.

वेल्समधल्या गावात अमेरिकन स्त्री जिंकते, ट्युनिसमध्ये ट्युनिशियन, मग ही स्पर्धा शेजाऱ्यांची म्हणायची कशी? तिचं वय झालं होतं. १९७२ ला केंब्रिजच्या शर्यतीत बेल्जियमचा गास्तों रुलाँ चौथ्यांदा जिंकला, आणि तीच जुन्या नावाने झालेली शेवटची शर्यत ठरली. ती एकोणसाठावी. १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने सूत्रं घेतली, बेल्जियममधल्या वारेगेमला पहिली जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धा भरली, आणि फिनलंडचा पेक्का पाइवारिंता तिचा पहिला विजेता झाला. १९८६ पासून पुढची अठरा वर्षं पुरुषांचं मुख्य सांघिक विजेतेपद केनियाने कोणाला दिलं नाही. इंग्लंडच्या जुन्या सलग चौदांचा विक्रम त्यात मागे पडला.

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड या संघांना नव्या स्पर्धेतही काही काळ वेगळी जागा होती. ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनचा असणारा धावपटू मार्चच्या एका दिवसापुरता स्कॉटलंडचा किंवा वेल्सचा व्हायचा. खर्चाने दबलेल्या छोट्या संघटना दरवर्षी नऊ-दहा जण निवडून पाठवायच्या. त्यातले बरेचसे सोमवारी कामावर परतणारे, शंभराच्या पुढच्या क्रमांकावर येणारे, आणि तरीही देशाची जर्सी आयुष्यभर जपून ठेवणारे. मग एका देशाचा एकच संघ हा नियम इथेही लागू झाला. १९८८ ला ऑकलंडच्या स्पर्धेत ब्रिटनचा एकत्र संघ उतरला. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च १९८७ मध्ये, पोलंडमधल्या वॉर्सा इथे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड या नावांचे संघ जागतिक क्रॉस कंट्रीच्या सुरुवातीच्या रेषेवर शेवटचे उभे राहिले.