नवा समुद्री जिवाणू नुसत्या आकारावरून ठरत नाही

‘समुद्रातला नवा जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली आकार बघून ओळखतात,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. बातमीसोबत फोटोच असतो, तेव्हा तसं वाटणं साहजिक आहे.

पण असंख्य जिवाणू दिसायला सारखेच, काडी नाहीतर गोळा. म्हणून आधी १६एस आरआरएनए हा डीएनएच्या सुमारे १,५०० अक्षरांचा, सगळ्या जिवाणूंत असणारा जनुक वाचतात. ज्ञात प्रजातींशी साम्य ९८.७ टक्क्यांहून कमी असेल, तर प्रजाती नवी असण्याची दाट शक्यता. जास्त असलं तरी निकाल लागत नाही. मग संपूर्ण जीनोम, म्हणजे जिवाणूचा सगळा डीएनए ताडतात; तिथली सीमारेषा साधारण ९५-९६ टक्के साम्याची, त्याहून कमी असेल तर प्रजाती नवी. शिवाय मीठ किती लागतं, कोणत्या तापमानाला वाढतो, हेही पाहतात. (खरी चिकाटी इथेच लागते.)

पडताळायचंय? मूळ शोधनिबंधात नमुन्याचे संग्रह-क्रमांक, म्हणजे जिवाणू जतन करणाऱ्या संस्थांनी त्याला दिलेले क्रमांक शोधा. प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवाणूच्या नावाला मान्यता हवी, तर त्याचा जिवंत नमुना दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो.