चटणीचा घाम आणि उन्हाचा घाम

मे महिन्यात सोलापुरात भर दुपारी जेवायला बसावं, कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी घ्यावी, आणि दोन घासांत नाकाच्या शेंड्यावर घाम फुटावा. बाहेर पारा ४२ च्या वर. मग हा घाम उन्हाचा की तिखटाचा?

दोन्हींचा. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवरचं एक प्रथिन उघडतं. एरवी ते ४३ अंशांच्या आसपास, म्हणजे खरोखर चटका बसू लागला की उघडतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ते १९९७ मध्ये शोधलं. त्यांना २०२१ चं नोबेल आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत मिळालं. मेंदूला निरोप पोचतो तो एवढाच, की भाजतंय. कशाने, हे त्या निरोपात नसतं. मेंदू घाम सोडतो.

उन्हात हे काम हायपोथॅलॅमस बघतो. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा हा भाग. त्यातल्या काही पेशी तिथून वाहणाऱ्या रक्ताचंच तापमान मोजत असतात, शिवाय कातडीकडूनही खबर येते. ३७ अंशांच्या वर काटा सरकू लागला की हुकूम मज्जारज्जूतून खाली उतरतो आणि २० ते ४० लाख घामग्रंथींपर्यंत जातो. हा हुकूम अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनातून पोचतो. महादेवाला वाहतात त्या धोत्र्यातलं विष नेमकं हेच रसायन अडवतं. म्हणून धोत्रा पोटात गेलेल्या माणसाचं अंग तापतं, पण कातडी कोरडी ठणठणीत. ग्रंथी शाबूत, पाणी शाबूत, फक्त निरोप पोचत नाही.

पण घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. रांजणातलं पाणी गार होतं ते बाहेर पाझरलेलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं म्हणून. आपलंही तसंच. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. साठ किलोच्या माणसाचं अंग एका अंशाने तापायला साधारण ५० पुरतात, यावरून त्या लिटरची किंमत कळावी. हवा कातडीपेक्षा गरम झाली की घामाशिवाय दुसरा आधार उरत नाही. सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे घाम अंगावर दिसायच्या आतच वाळतो. माणसाला वाटतं, आपल्याला फारसा घाम येत नाही, आणि तो पाणी कमी पितो.

यंत्रमागाच्या शेडमध्ये गोष्ट उलटी होते. सुती धागा कोरडा पडला की तुटतो, म्हणून तिथे दमट हवा बरी. सुताला बरी, माणसाला नाही. घाम निथळतो, वाळत नाही, आणि अंग तापतच राहतं. तेव्हा मेंदू कातडीकडे रक्त वळवतो. एरवी मिनिटाला पाव लिटरच्या आसपास असणारा हा पुरवठा कडक उष्णतेत सहा-सात लिटरपर्यंत जाऊ शकतो. त्यासाठी हृदय धडधडतं, पोटाकडचं रक्त कमी होतं, रक्तदाब उतरतो. तासन्‌तास मागासमोर उभ्या असलेल्या माणसाला भोवळ येते ती अशी. त्याला कोणी अशक्त म्हणू नये.

शरीर शिकतंही. रोज उन्हात काम केलं की एक-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. गावाकडे महिनाभर राहून परतलेल्या कामगाराला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी देणं मला म्हणूनच चुकीचं वाटतं. ही शिकवणी महिन्याभरात बरीचशी पुसून जाते.

आणि ऊन लागलेल्या माणसाला तापाची गोळी देण्याची सवय सोडायला हवी. तापात हायपोथॅलॅमस स्वतःच ३७ चा आकडा वर नेतो. पॅरासिटामॉल तो खाली आणते. उन्हात आकडा ३७ वरच असतो, हरलेली असते ती थंड करण्याची धडपड. गोळीला तिथे करण्यासारखं काही नाही. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत त्याला सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर सतत पाणी ओता आणि जोरात वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.