स्टिकर शीटने मशीन बसतं?

जळगाव-भुसावळकडे केळीच्या वेफर्सची नाहीतर बिबड्यांची लेबलं छापायला झेरॉक्सवाल्याकडे जा, तो बहुधा हात जोडतो: "स्टिकर शीट नको, मशीन बसतं." हे अर्धवट खरं आहे. मशीन बसतं ते चुकीच्या शीटने.

लेझर कलर मशीनमध्ये टोनर, म्हणजे शाईची भुकटी, कागदावर वितळवून बसवतात. ते काम करणारा फ्यूजर साधारण 180 ते 200 अंशांपर्यंत तापतो. इंकजेटच्या, म्हणजे पातळ शाई उडवून छापणाऱ्या प्रिंटरच्या, शीटचा गोंद एवढी उष्णता सोसेलच असं नाही. तो कडेने पाझरून रोलरला लागतो. म्हणून पाकिटावर ‘लेझर’ लिहिलेलीच शीट घ्या.

खरा घात करते ती अर्धी वापरलेली शीट. दोन लेबलं काढून झाली, उरलेली वाया कशाला घालवायची, म्हणून तीच परत आत सारतात. मग रिकाम्या जागेशेजारचं लेबल वळणावर कोपऱ्यातून उचकटतं आणि थेट फ्यूजरला जाऊन चिकटतं. चार रुपये वाचवायचे आणि फ्यूजरला हजारो मोजायचे, हा कुठला हिशेब?

बाकी सोपं आहे. शीट बायपास ट्रेमधून (हाताने कागद घालायच्या बाजूच्या ट्रेमधून) घाला, कागदाचा प्रकार ‘लेबल’ निवडा, एकाच बाजूला छापा. आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना गठ्ठा पत्र्याखाली ठेवू नका. गोंद तिथेच सुटायला लागतो.