आकाशगंगेतला काळा पट्टा

मे महिन्यात आमच्या शिरपूरकडे घरात झोपवत नाही. घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, गोधडी टाकून पडायचं. मध्यरात्र झाली की सातपुड्याच्या अंगापासून थेट दक्षिणेपर्यंत आकाशगंगेचा पट्टा वर चढतो. पुतणीनं एकदा त्याच्या मधोमध बोट दाखवलं, "काका, हाई काळं काळं काय शे?"

तिला वाटलं, तिथे तारे नाहीत. तारे आहेत, पण धुळीआड. ही धूळ म्हणजे कार्बन आणि सिलिकेटचे कण, चुलीच्या धुरातल्या कणांइतके बारीक. ती इतकी विरळ असते की जवळून पाहिली तर तिथे काही आहे असं वाटणारच नाही. उन्हाळ्यात दुपारी सातपुडा धुरकट दिसतो ना, तसंच हे. हातभर अंतरावरची हवा स्वच्छ वाटते, पण मधल्या कित्येक मैलांची धूळ साठत साठत डोंगर पुसून टाकते. तिकडे मैलांऐवजी हजारो प्रकाशवर्षं आहेत, एवढाच फरक. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण या धुळीतून बरेचसे पार होतात. म्हणूनच आकाशगंगेच्या केंद्राजवळचे तारे वर्षानुवर्षं मोजता आले आणि तिथे सुमारे ४० लाख सूर्यांइतकं वजनदार कृष्णविवर असल्याचं कळलं. त्या कामासाठी राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० चं नोबेल मिळालं.

धुळीच्या साधारण शंभरपट वायू आहे. त्यात वजनानं पाऊण हिस्सा हायड्रोजन, उरलेला बहुतेक हेलियम. थंड हायड्रोजन २१ सेंटिमीटरच्या रेडिओलहरी सोडतो. नारायणगावजवळ खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, त्या अशा लहरी टिपतात. हाच वायू आकसून तारे होतात. आपल्या आकाशगंगेत ते १० ते ४० हजार कोटी असावेत.

पण एवढ्यानं हिशोब जुळत नाही. सूर्यापासून लांबचे ग्रह हळू फिरतात: बुध सेकंदाला ४७ किलोमीटर, नेपच्यून जेमतेम ५. दीर्घिकेतही, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहातही, कडेचे तारे असेच मंद असायला हवेत. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतले वेग मोजले, १९७० मध्ये प्रसिद्ध केले, आणि कडेलाही वेग फारसा उतरत नव्हता. दिसणाऱ्या वस्तुमानाच्या ओढीत एवढं बळ नाही. दीर्घिकेचं बहुतांश वजन न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचं आहे असं आज मानतात. मात्र पुतणीनं दाखवलेला काळा पट्टा तो नव्हे. धूळ प्रकाश अडवते. कृष्णद्रव्य अडवतही नाही, सोडतही नाही.

या सगळ्याच्या ओढीनं सूर्य केंद्राभोवती सुमारे २३ कोटी वर्षांत एक फेरी घालतो. आमच्या शेताच्या बांधावरचा काळा पाषाण लाव्हा थिजून तयार झाला, त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली. त्यातला ऑक्सिजन, सिलिकॉन, लोखंड कधीकाळी ताऱ्यांत तयार होऊन अशाच धुळीतून इथे आलं. तो दगड थंड झाल्यापासून सूर्याची पाव फेरी होऊन थोडं अंतर वर झालंय.