लेप्टोची टेस्ट केली, पण ताप कितव्या दिवसाचा होता?

भातलावणीच्या दिवसांत सिंधुदुर्गात कोणाला सणकून ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले की घरात पहिलं नाव लेप्टोचंच (लेप्टोस्पायरोसिस या तापाचं) निघतं, आणि ते बरोबरच आहे कारण उंदीर, घुशी, गुरं यांच्या मुतातून हा जंतू कुणग्यातल्या (भाताच्या वाफ्यातल्या) चिखलात उतरतो आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून आत शिरतो. घोळ होतो तो पुढे. तापाचा दुसराच दिवस, लॅबमध्ये पट्टीवाली रॅपिड टेस्ट केली, निगेटिव्ह आली, झालं, सगळे निर्धास्त! मला याचीच फार काळजी वाटते.

कारण ती नेहमीची पट्टी जंतू शोधतच नाही. आपल्या शरीराने जंतूविरुद्ध बनवलेल्या आयजीएम अँटीबॉडी ती शोधते, आणि त्या सापडण्याइतक्या व्हायला साधारण ५ ते ७ दिवस जातात. तोवर जंतू रक्तात फिरतोय आणि पट्टी कोरी.

मग थेट जंतूच बघावा, तर तो जेमतेम ०.१ मायक्रॉन जाड, स्क्रूसारखा पीळदार, टोकाला हुकासारखा बाक, ग्रॅम स्टेनने (जंतू रंगवून बघायच्या नेहमीच्या पद्धतीने) नीट दिसत नाही म्हणून डार्क फील्ड मायक्रोस्कोप (काळ्या पार्श्वभूमीवर जंतू उजळ दाखवणारा) लागतो आणि तिथेही अनुभवी नजर फसते. कल्चर लावलं, म्हणजे जंतू बाटलीत वाढवून बघायचा म्हटलं, तर आणखी पंचाईत, आतड्यातला ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो, याला कित्येक तास लागतात, त्यामुळे बाटली कधीकधी ३ महिने ठेवून बघावी लागते. तोवर भातकापणी येते.

इथे कामाला येतं पीसीआर, म्हणजे जंतूच्या डीएनएच्या असंख्य प्रती काढून तो शोधायची टेस्ट, अमेरिकी शास्त्रज्ञ कॅरी मलिस यांना १९८३ साली सुचलेली युक्ती. लेप्टोच्याच डीएनएला चिकटतील असे प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) टाकायचे, मिश्रण गरम करायचं, थंड करायचं, परत गरम, दर फेरीला लेप्टोच्या डीएनएच्या प्रती दुप्पट, ३० फेऱ्यांत एकाचे १०० कोटींच्या वर! रिपोर्ट काही तासांत. बॅटरीवर चालणारी छोटी पीसीआर मशीन आता आपल्या शेजारी गोव्यातच बनतात, टीबीसाठी वापरतात ते ट्रूनॅट तिथलंच.

पण रक्ताचं पीसीआर उपयोगी पडतं ते मुख्यतः पहिल्या आठवड्यात, नंतर जंतू रक्तातून कमी होत जातो, मग एलायझा (अँटीबॉडी शोधणारी लॅबमधली टेस्ट) बरी. म्हणून लॅबच्या फॉर्मवर ताप सुरू झाल्याची तारीख नक्की लिहा. डॉक्टरांनी रिपोर्टची वाट न बघता डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी सुरू केली तर घ्या, जमलं तर रक्त त्याआधी काढून ठेवा, आणि पहिली पट्टी निगेटिव्ह असेल तर आठवड्याने परत करायची का ते डॉक्टरांना विचारा.