पाण्याखाली पाहणारा प्रशिक्षक

तरणतलावाच्या काठावरून प्रशिक्षकाला जलतरणपटूच्या ज्या हालचाली स्पष्ट दिसतात, त्यांचा त्याला पुढे नेण्यात फारसा वाटा नसतो. पाण्यावरून पुढे येणारा हात डोळ्यांत भरतो, पण शरीराला रेटा मिळतो तो नंतर, हात पाण्याखाली असताना, आणि तेही एका सेकंदाहून कमी वेळात. फेस, तरंग आणि प्रकाशाचे वक्रीभवन यांमुळे नेमके तेवढेच काठावरून नीट दिसत नाही. खुद्द पोहणाऱ्यालाही आपला हात कोणत्या मार्गाने गेला हे खात्रीने सांगता येत नाही. अमेरिकेतील प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन यांची कारकीर्द या अडचणीतूनच घडली. ऑलिंपिक विजेते जलतरणपटू मार्क स्पिट्झ यांचे प्रशिक्षक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, पण त्यांचे शास्त्रीय काम मला त्याहून मोलाचे वाटते.

काउन्सिलमन यांचा जन्म १९२० चा. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या संघातून ते ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे बेडकासारखे हातपाय मारत पोहण्याचा प्रकार, पोहत असत. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बॉम्बफेकी विमाने चालवली आणि युद्धानंतर ते पुन्हा शिक्षणाकडे वळले. आयोवा विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेटसाठी विषय निवडला तोही पाण्यातलाच: क्रॉल (हात आळीपाळीने पाण्यावरून पुढे आणत) पोहण्याच्या दोन पद्धतींत हात किती बल लावतात, याचे मोजमाप. या पदवीमुळे ते पुढे सर्वत्र ‘डॉक’ म्हणून ओळखले गेले. १९५७ पासून १९९० पर्यंत ते इंडियाना युनिव्हर्सिटीत प्रशिक्षक होते.

तेथील त्यांचे सुरुवातीचे ठळक यश ब्रेस्टस्ट्रोकमधले आहे. पाय रुंद फाकवून जोरात जवळ आणले की दोन्ही पायांमधले पाणी पाचरीसारखे मागे फेकले जाते आणि शरीर पुढे सरकते, अशी त्या काळी समजूत होती. प्रत्यक्षात रेटा मिळतो तो मुख्यतः तळपायांनी पाणी मागे ढकलल्यामुळे, आणि फाकलेले गुडघे मात्र समोरून येणाऱ्या पाण्याला अडवून वेग खातात. काउन्सिलमन यांनी चेट जॅस्ट्रेम्स्की यांना गुडघे जवळ ठेवून चाबकासारखा अरुंद फटका मारायला शिकवले. १९६१ च्या एका उन्हाळ्यात जॅस्ट्रेम्स्की यांनी १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा विश्वविक्रम अनेकदा मोडला आणि तो १ मिनिट ७.५ सेकंदांवर आणून ठेवला.

यानंतरचा प्रश्न अधिक खोल होता. न्यूटनचा तिसरा नियम साधेपणाने लावला, तर हात सरळ रेषेत मागे ओढणे हेच उत्तम ठरते. परंतु काउन्सिलमन यांनी पाण्याखाली चित्रण केले, अंधाऱ्या तलावात पोहणाऱ्यांच्या हातांना लुकलुकणारे दिवे बांधून छायाचित्रे घेतली, तेव्हा फिल्मवर वळणदार रेषा उमटल्या. चांगल्या जलतरणपटूंचा हात आत, बाहेर, खाली आणि वर सरकत होता. पाण्याच्या संदर्भात पाहिले तर तो फारसा मागे जातच नव्हता. जिथे तो पाण्यात शिरला, त्याच्या आसपासच तो बाहेर निघत होता. ज्यांना आपण सरळच हात ओढतो अशी खात्री होती, त्यांच्याही हातांचा मार्ग असाच वळणदार निघाला.

असे का व्हावे? याचे एक कारण साध्या गणिताने कळते. १० किलो पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने मागे ढकलले, किंवा ५ किलो पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने ढकलले, तरी पाण्याला मिळणारा संवेग सारखाच असतो, म्हणजे शरीराला पुढे जाण्यासाठी मिळणारा लाभही सारखाच. मात्र पहिल्या प्रकारात पाण्याला ५ ज्यूल ऊर्जा द्यावी लागते आणि दुसऱ्यात १० ज्यूल. थोड्या पाण्याला जोराने फेकण्यापेक्षा पुष्कळ पाण्याला हळू ढकलणे स्वस्त पडते. एकदा मागे निघालेल्या पाण्याचा पाठलाग करत राहिले तर हाताला आधार कमी मिळतो. हात बाजूला वळवून अजून स्थिर असलेले पाणी धरले की तो पुन्हा मिळतो. हे स्पष्टीकरण आजही टिकून आहे.

काउन्सिलमन यांनी दिलेले दुसरे स्पष्टीकरण मात्र तसेच टिकले नाही. १९७१ मध्ये त्यांनी असे मांडले की तिरका सरकणारा पंजा विमानाच्या पंखासारखा किंवा जहाजाच्या पंख्याच्या पात्यासारखा काम करतो. बर्नुलीच्या तत्त्वानुसार (जिथे प्रवाहाचा वेग जास्त, तिथे दाब कमी) पंजाच्या फुगीर बाजूवरचा दाब घटतो आणि त्यातून हाताच्या गतीला काटकोनात उचल मिळते, ती शरीराला पुढे नेते. ही कल्पना अतिशय आकर्षक होती आणि जगभरच्या प्रशिक्षकांनी ती उचलून धरली. पुढे हाताच्या प्रतिकृती वाहत्या पाण्यात ठेवून बले मोजली गेली, आणि पंजाचा कोन, वेग व दिशा अधिक काटेकोरपणे नोंदवता येऊ लागली. तेव्हा दिसले की फ्रीस्टाइलमध्ये (म्हणजे प्रत्यक्षात क्रॉलमध्ये) रेट्याचा मोठा भाग पंजा आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात यांना होणाऱ्या पाण्याच्या रोधातूनच येतो. शिवाय बर्नुलीचे साधे समीकरण स्थिर प्रवाहासाठी आहे, तर हाताभोवतीचे पाणी क्षणोक्षणी भोवरे करून सुटत असते. आज कोपर उंच ठेवून त्याच्या पुढचा हात लवकर उभा करण्यावर भर दिला जातो, तो यामुळेच. तरीही माझ्या मते काउन्सिलमन यांचे श्रेय कमी होत नाही, कारण त्यांचा निष्कर्ष ज्या मोजमापांनी दुरुस्त केला, त्या मार्गाला जलतरणविद्येला लावणाऱ्यांमध्ये ते स्वतः अग्रभागी होते.

सरावातही त्यांनी मोजमाप आणले. ठरावीक अंतर, ठरावीक विश्रांती आणि पुन्हा तेच अंतर, अशी धावपटूंची पद्धत त्यांनी जलतरणात रुजवली. त्यासाठी काठावर ठेवायच्या मोठ्या सेकंदकाट्याच्या घड्याळाचे श्रेयही त्यांना दिले जाते. इंडियानाच्या संघाने १९६८ ते १९७३ अशी सलग सहा वर्षे अमेरिकेचे राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद मिळवले. (त्याआधीची काही वर्षे विद्यापीठाच्या फुटबॉल विभागाने केलेल्या नियमभंगामुळे जलतरण संघालाही या स्पर्धेत उतरता आले नव्हते, हे ध्यानात घ्यायला हवे.) त्याच संघातील स्पिट्झ यांनी १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदके सात विश्वविक्रमांसह जिंकली. १९७६ मध्ये मॉन्ट्रियलला काउन्सिलमन अमेरिकेच्या पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक होते आणि त्या संघाने १३ पैकी १२ शर्यती जिंकल्या.

सप्टेंबर १९७९ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांनी १३ तास ७ मिनिटांत इंग्लिश खाडी पोहून पार केली. त्या वेळेपर्यंत इतक्या वयाच्या कोणीही ती पार केलेली नव्हती. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ३३ किलोमीटर आहे, म्हणजे वेग सेकंदाला साधारण ०.७ मीटर पडला. भरतीओहोटीमुळे प्रत्यक्ष मार्ग लांबतो, ते येथे धरलेले नाही. म्युनिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइल ५१.२२ सेकंदांत पोहताना स्पिट्झ यांचा सरासरी वेग सेकंदाला १.९५ मीटर होता. पाण्याचा रोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. त्यामुळे एकाच शरीराला ०.७ मीटरच्या वेगासाठी १.९५ मीटरच्या वेगाच्या तुलनेत सुमारे विसावा भागच शक्ती पुरते. संथ गतीने तासन् तास पोहता येते ते या घनाच्या नियमामुळे. पण स्नायू जितके कमी राबतात तितकी उष्णताही कमी निर्माण होते, आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट सहजतेने उष्णता वाहून नेते. खाडी पोहणाऱ्याला वेग निवडावा लागतो तो या दोहोंच्या मध्ये: स्नायू थकणार नाहीत इतका संथ, आणि शरीर गारठणार नाही इतका जलद.